झाडू कायम, माणूस कंत्राटी

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलल्याप्रमाणेच ठेवला आहे.)

दोस्तांनो, आणि मागे दाराशी उभ्या राहिलेल्या बायांनो, पुढे या, जागा आहे.

मला विषय दिलाय तो असा : 'कामगार संघटना आणि अनियमित रोजगाराचा उदय.' उदय! जणू काही सूर्यच उगवला आणि त्याच्याआधी सगळीकडे नियमित रोजगाराची चांदणी रात्र होती. प्रोफेसर लोकांची पुस्तकं अशीच सुरू होतात. आधी कायम नोकरी होती, आठ तास होते, फंड होता, बोनस होता, मग १९९१ साल आलं, नवं आर्थिक धोरण आलं, आणि कामगार बिचारा कंत्राटी झाला. मी विचारतो, कोण झाला? ज्याच्याकडे कायम नोकरी होती तो झाला. ज्याच्याकडे कधीच नव्हती त्याचं काय झालं? तो होता तिथंच आहे. फरक एवढाच की आता त्याच्या शेजारी येऊन दुसरेही बसलेत, आणि शेजारी बसलेल्यांना बोंब मारता येते म्हणून आज त्याला 'प्रश्न' म्हणतात.

गावकीतलं काम आठवा. मेलेलं ढोर ओढायचं, सांगावा न्यायचा, वेशीवर राखण करायची. कामाला वेळ नाही, पगार नाही, नाही म्हणायची सोय नाही. बलुतं म्हणून जे पडेल ते पदरात घ्यायचं. साऱ्या गावाचं काम करायचं आणि मालक मात्र कुणीच नाही! आज अ‍ॅपवाले पोराला सांगतात, तू आमचा नोकर नाहीस, तू आमचा 'पार्टनर' आहेस. गावानं आपल्या बापाला हेच सांगितलं होतं, फक्त इंग्रजीत नव्हतं सांगितलं. म्हणून मी म्हणतो, अनियमित काम ही ह्या देशातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नियमित गोष्ट आहे. तिला नियम आहे आणि त्या नियमाचं नाव जात आहे.

गावातून माणूस पळाला तो मुंबईच्या गिरणीत आला. गिरणीबद्दल लोक फार हळवं बोलतात. भोंगा, चाळ, शाहीर, लाल बावटा. सगळं खरं आहे, मी नाकारत नाही. पण गिरणीत आत गेल्यावर दोन दारं होती, हे त्या हळव्या बोलण्यात येत नाही. रिंगखात्यात आपला माणूस चालायचा. साचेखात्यात नाही. साचेखात्यात पगार जास्त. आणि आपल्याला बंदी का, तर धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. धाग्याला थुंकी लागणार. महाराच्या थुंकीनं साचा बाटतो! माल परदेशात विकला जातो तेव्हा नाही बाटत, हे पण लक्षात घ्या.

१९२८ चा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी संपवाल्यांपुढे हाच सवाल ठेवला. तुम्ही कामगारांची एकी म्हणता, मग साचेखात्याचं दार उघडायची मागणी तुमच्या यादीत का नाही? हा सवाल आजही शिळा झालेला नाही. त्यावर काही शहाणे म्हणतात की आंबेडकर संपाच्या विरोधात होते, युनियनच्या विरोधात होते. त्यांना सांगा, १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनीच ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत जो एक दिवसाचा संप झाला तो स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून केला. म्हणजे माणूस संपाच्या विरोधात नव्हता. ज्या संपात आपल्याला फक्त गर्दी म्हणून धरतात त्या संपाच्या विरोधात होता.

आणि गिरणीत बदली कामगार होता. तुमच्यातल्या किती पोरांना हा शब्द माहीत आहे? बदली म्हणजे ट्रान्सफर नव्हे. रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. आतला कुणी कायमवाला आला नाही, आजारी पडला, गावाला गेला, तर त्याच्या जागी तुला आत घेणार. नाहीतर डबा घेऊन घरी. वर्षानुवर्षं. पाळी मिळवायला आधी जॉबरचा हात ओला करायचा, मग पुढे कार्डं आली. आज तुमच्या हातातला मोबाईल काय करतो? सकाळी उघडायचा आणि वाट बघायची, काम येतंय का. ते गेटच आहे, खिशात मावतं एवढाच फरक. जॉबर निदान दिसायचा तरी. त्याला शिवी देता यायची.

१९८२ च्या १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. त्या संपावर मी इथं बोलत नाही, त्याला अख्खी रात्र लागेल. आजच्या विषयापुरतं एवढंच सांगतो की तो संप मोडला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि त्या जमिनीवर लोअर परळला मॉल आणि काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. तिथं आज हजारो माणसं राबतात. मॉलच्या दारात शिट्टी घेऊन उभा असलेला पोरगा बघा. काम मॉलचं, गणवेश सिक्युरिटी एजन्सीचा, आणि पगार तिसऱ्याच कुणाच्या तरी नावानं येतो. त्याला विचारा, बाबा रे, तुझा मालक कोण? तो हसतो. हसतो कारण त्याला माहीत नाही. आजोबाला गिरणीच्या शेठचं नाव माहीत होतं, जॉबरचं माहीत होतं, कुणाच्या नावानं मुर्दाबाद म्हणायचं ते पाठ होतं. नातवाला मुर्दाबाद म्हणायला नावच नाही.

हा सगळा खेळ ह्या एका गोष्टीसाठी आहे : मालक गायब करायचा. कामगार दिसला पाहिजे, घाम दिसला पाहिजे, मालक दिसता कामा नये. आणि युनियनची सगळी घडण तर समोर मालक आहे असं धरून झालेली. मागणीपत्र द्यायचं तर मालकाला, वाटाघाटी करायच्या तर मालकाशी. मालकच नाही म्हटल्यावर आपल्या जुन्या युनियन पुढाऱ्यांचे हातपाय गळाले. ते कायम कामगारांना घेऊन बसले. त्यांच्या वर्गण्या नियमित येत होत्या ना! दाराबाहेरच्या कंत्राटीला त्यांनी पावती फाडून दिली नाही. म्हणाले, तू आमच्यात बसत नाहीस. कायमवाला झाडूवाला आणि कंत्राटी झाडूवाला एकाच वस्तीत राहतात, एकाच नळावर पाणी भरतात, एकाच बुद्धविहारात हात जोडतात, पण युनियनच्या ऑफिसात एकाला खुर्ची आणि दुसरा दाराशी. ही पण एक वेसच की.

आता मी जिथं हा नियम मोडला त्या लढ्याकडे येतो. मुंबई महापालिकेचा कचरा. सांगतो ते नीट ऐका, कारण आपल्या पोरांना चेग्वेवारा पाठ असतो आणि चेंबूरच्या कचऱ्याच्या गाडीवर काय घडलं ते माहीत नसतं.

महापालिकेचा कचरा उचलायला कायम कामगार आहेत. पण त्यांच्या जोडीला कंत्राटदारांची माणसं घातली गेली. बहुतेक दलित, त्यांतले पुष्कळ मराठवाड्यातून आणि पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातून उठून आलेले, काही तमिळनाडूतले, ते पण दलितच. हातमोजे नाहीत, बूट नाहीत, सुट्टी नाही, किमान वेतन कागदावर. काचेनं हात फाटला तर स्वतःच्या पैशानं टाके. १९९७ साली मिलिंद रानडे आणि त्यांच्या साथीदारांनी ह्या माणसांची युनियन बांधली, कचरा वाहतूक श्रमिक संघ. लक्षात घ्या, आधी कायम कामगारांची युनियन करून मग कंत्राटींना दारं उघडली असं नाही. सुरुवातच दाराबाहेरून.

समोर काय होतं? १९७० चा कंत्राटी कामगार कायदा. तो म्हणतो, वीस किंवा जास्त कामगार असतील तर कायदा लागू. महापालिकेनं काय केलं? कंत्राटांचे तुकडे पाडले. वीसच्या आतली छोटी छोटी कंत्राटं. एका वॉर्डात अनेक कंत्राटदार, प्रत्येकाकडे वीसपेक्षा कमी माणसं. ह्याला म्हणायचे हैदराबाद पॅटर्न. आहा! शर्टाच्या कापडाचं नाव वाटतं. कायद्याच्या डोळ्यांत धूळ टाकायला शेकडो माणसांचे तुकडे केले आणि त्याला पॅटर्न म्हटलं. ह्याच्याही पुढची गंमत झोपडपट्ट्यांच्या सफाईत केली. दत्तक वस्ती योजना. तिथं झाडू मारणारा हा कामगारच नाही, तो 'स्वयंसेवक'! त्याला पगार नाही, 'मानधन'! ज्याला ह्या समाजानं दोन हजार वर्षं मान दिला नाही त्याला एकदम मानधन. स्वयंसेवक म्हणजे जो स्वतःच्या खुशीनं सेवा करतो तो. गटाराच्या तोंडाशी सकाळी साडेसहाला कोण स्वतःच्या खुशीनं जातो ते एकदा दाखवा. एखादा जोशी-कुलकर्णी स्वयंसेवक म्हणून त्या यादीत निघतोय का बघा.

शब्दांकडे नीट बघत जा पोरांनो. ज्या दिवशी तुम्हाला मजूर म्हणायचं बंद करून काहीतरी गोड नाव देतात, त्या दिवशी खिशात हात घालून बघायचा, काय गेलं ते.

कोर्टात काय झालं? २००१ साली सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी स्टील अ‍ॅथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं की कंत्राटी पद्धत एखाद्या कामात बंद केली तरी त्या कामगारांना मूळ मालकानं आपोआप कामावर घेतलंच पाहिजे असं नाही. १९९६ साली ह्याच कोर्टानं एअर इंडियाच्या प्रकरणात उलटं सांगितलं होतं. चार-पाच वर्षांत पायाखालची सतरंजी ओढली. फक्त एक फट शिल्लक ठेवली : कंत्राट हा नुसता देखावा आहे, खरा मालक मूळ मालकच आहे, हे औद्योगिक न्यायालयात पुराव्यानिशी सिद्ध केलं तर तो कामगार मूळ मालकाचा.

सिद्ध कुणी करायचं? कामगारानं. पुरावा कुणाकडे? कंत्राटदाराकडे! हजेरीपट त्याच्याकडे, पगारपत्रक त्याच्याकडे. तुझ्याकडे काय? तुझ्याकडे तुझा फाटलेला हात आहे.

मला ह्या लढ्यातलं सगळ्यात मोठं काम हे वाटतं आणि ह्याच्यावर कुणी कविता लिहीत नाही. कागद गोळा करणं. कुठल्या चौकीवर हजेरी लागते, हजेरी घेणारा मुकादम पालिकेचा की कंत्राटदाराचा, गाडीचा नंबर काय, गाडी कुठल्या डंपिंगला खाली झाली, काम कुणी नेमून दिलं, कुणी दम भरला. झाडू पालिकेचा, चौकी पालिकेची, शिव्या पालिकेच्या मुकादमाच्या, मग माणूस कंत्राटदाराचा कसा? हे दाखवायचं. अंगठा उठवणाऱ्या माणसाला सांगायचं की अंगठा कशावर उठवतोयस ते आधी वाचून घे, नाहीतर वाचणाऱ्याला दाखव. पंतप्रधानांना पत्र लिहिण्यापेक्षा हे कठीण आहे. सकाळी सहाला चौकीवर जावं लागतं.

ह्या कागदांवर २७०० कामगारांचा खटला उभा राहिला. औद्योगिक न्यायाधिकरणानं ऑक्टोबर २०१४ मध्ये निकाल दिला, कंत्राट बनावट, कामगार महापालिकेचे, त्यांना कायम करा. देशातली सगळ्यात श्रीमंत महापालिका, तिनं काय केलं? हायकोर्टात गेली. डिसेंबर २०१६ मध्ये तिथं हरली. सुप्रीम कोर्टात गेली. ७ एप्रिल २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, कायम करा. वकिलांवर खर्च केलेल्या पैशात किती हातमोजे आले असते, ह्याचा हिशेब कुणी मागितला नाही.

आणि जिंकल्यावर? जिंकल्यावर नावाची भानगड निघाली. यादीत नाव एक, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं. कुणाच्या आडनावात काना कमी, कुणाच्या बापाच्या नावात वेलांटी जास्त. नाव कुणी लिहिलं होतं? कंत्राटदाराच्या कारकुनानं, त्याला वाटेल तसं. त्या एका वेलांटीसाठी शेकडो माणसं सुप्रीम कोर्टात जिंकूनसुद्धा लटकत राहिली. शाळेत ज्या मास्तरानं बापाला आत बसू दिलं नाही त्याच मास्तराची वेलांटी आता पोराच्या नोकरीच्या आड! मी ह्याला योगायोग म्हणत नाही.

त्यानंतर 'स्वयंसेवक' म्हणून राबवलेल्यांचा प्रश्न. ५८० सफाई कामगारांच्या प्रकरणात जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं युनियनच्या बाजूनं निकाल दिला आणि सांगितलं की कल्याणकारी राज्यात एका वर्गाची स्वच्छता दुसऱ्याच्या गुलामीवर उभी राहू शकत नाही. कोर्टाच्या तोंडून गुलामी हा शब्द निघाला. आपण म्हटलं असतं तर भडक म्हणाले असते.

एसटीचंही सांगायला पाहिजे. बस धुणारे आणि झाडू मारणारे लोक वर्षानुवर्षं रोजंदारीवर ठेवले होते. कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटना त्यांच्यासाठी लढली. महामंडळ म्हणालं, २००६ सालच्या उमादेवी निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की मागच्या दारानं आलेल्यांना सरकारी कायम नोकरी मागता येत नाही. मागचं दार! ज्यांना पुढचं दार कधी उघडलंच नाही ते येणार कुठून? २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वर्षानुवर्षं बदली, टेंपररी ठेवून कायमपणाचे हक्क मारणं ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याप्रमाणे अनुचित प्रथा आहे आणि ती थांबवायचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार उमादेवी निकालानं जात नाही. कास्ट्राईब म्हणजे मागासवर्गीय कर्मचाऱ्यांची संघटना. सगळ्या राज्यातल्या रोजंदारी कामगारांना, ब्राह्मणापासून मराठ्यापर्यंत, तो निकाल कामी येतो. जातीयवादी संघटना म्हणून आपल्याला हिणवणाऱ्यांनी तो निकाल वापरताना एकदा नाव मोठ्यानं वाचावं.

आता आजचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या. एकोणतीस कायदे गेले, चार आले. कंत्राटी कामगारांचा कायदा आता वीसला नाही, पन्नासला लागू. महाराष्ट्रानं तर हा आकडा आधीच पन्नासवर नेऊन ठेवला होता. म्हणजे तुकडे पाडायचे कष्टसुद्धा वाचले, जरा मोठे तुकडे चालतील.

पण ह्या संहितेत एक यादी आहे. माझं म्हणणं असं की ही यादी प्रत्येक विहारात भिंतीवर लावा. संहिता म्हणते, कुठल्याही आस्थापनेच्या 'मुख्य कामात' कंत्राटी कामगार लावायला बंदी. वा! टाळ्या! मग पुढे सांगते, मुख्य काम कशाला म्हणायचं नाही. ऐका. झाडलोट, साफसफाई, सगळ्या प्रकारचा कचरा गोळा करणं आणि त्याची विल्हेवाट. राखणदारी आणि सिक्युरिटी. कॅन्टीन. माल चढवणं-उतरवणं. बांधकाम आणि देखभाल. बागकाम. हाऊसकीपिंग, धुलाई. वाहतूक, अँब्युलन्स सुद्धा.

ही यादी कामांची वाटते का तुम्हाला? मला ती वस्तीतल्या माणसांची नावं वाटली. पहिल्या घरात झाडूवाली, दुसऱ्यात वॉचमन, तिसऱ्यात कॅन्टीनचा पोऱ्या, चौथ्यात हमाल. मनूनं कामं वाटून दिली होती आणि खालच्या कामाला खालचा माणूस लावला होता. नव्या संहितेत जातीचं नाव कुठंही नाही. फक्त कुठलं काम 'मुख्य' आणि कुठलं 'किरकोळ' एवढंच लिहिलंय. इस्पितळात झाडू मारणं हे मुख्य काम नाही म्हणे. आठ दिवस मारू नका मग, बघू डॉक्टर कुठं उभा राहतो.

पण थांबा, नुसतं चिडून भागत नाही, वाचावं लागतं. त्याच कलमात एक अट आहे. ही कामं मुख्य धरायची नाहीत, पण आस्थापनाच त्या कामासाठी उभी केलेली असेल तर गोष्ट वेगळी. आता महापालिका कशासाठी उभी केलीय? १८८८ चा मुंबई महापालिका कायदा काढा. त्यात पालिकेची बंधनकारक कर्तव्यं लिहिलीत आणि सफाई त्यांत आहे. नाटकाला अनुदान देणं पालिकेच्या मर्जीवर असेल, कचरा उचलणं मर्जीवर नाही. मग पालिकेचं मुख्य काम सफाई नाही तर काय, उद्‌घाटनं? हा मुद्दा घेऊन लढायला जागा आहे. ती जागा वकिलांवर सोडायची नाही. आपल्यातले जे पोरं-पोरी कायदा शिकतायत त्यांनी हे कलम घोटून ठेवावं.

आणि आरक्षण. इथं तरी कुणी झोपू नये. कायम पद भरायचं तर रोस्टर लागतं, बिंदुनामावली लागते. कंत्राटदाराला कसली बिंदुनामावली? पद कंत्राटात गेलं की आरक्षण गेलं, घटनेला हात न लावता, लोकसभेत एक शब्द न बोलता. ६ सप्टेंबर २०२३ ला महाराष्ट्र सरकारनं खाजगी एजन्स्यांमार्फत भरतीचा निर्णय काढला होता, शिपायापासून इंजिनियरपर्यंत. ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. मागे का घेतला? त्या वेळी फक्त आपण ओरडत नव्हतो, एमपीएससीची तयारी करणारी सगळ्या जातींची पोरं रस्त्यावर होती. झाडूवाला कंत्राटी झाला तेव्हा ती पोरं आली नव्हती. मी हे टोमणा म्हणून सांगत नाही. आग खालच्या घरात लागली तेव्हा वरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या, आता धूर वर गेला.

मला माहीत आहे, तुमच्यातल्या कुणाच्या तरी मनात आहे आणि तो विचारणारच आहे. बाबासाहेबांनी हे घाण काम सोडा म्हणून सांगितलं आणि तुम्ही झाडू कायम करायला लढताय? बापाची नोकरी वारसानं पोराला मिळावी म्हणून मोर्चे काढताय? वारसा म्हणून झाडू?

प्रश्न खरा आहे. मला तो टोचतो. वारसा हक्कानं मिळालेल्या झाडूबरोबर जातही वारशानं मिळते, हे मी नाकारणार नाही. पण मी उलटा सवाल करतो. काम सोडून माणूस जाणार कुठं? कंत्राटी झाडूवालीचं पोरगं बारावीला असताना आईचा कंत्राटदार बदलतो, दोन महिने पगार नाही, फी भरता येत नाही, पोरगं त्याच ठेक्यावर बदलीला जातं. असं घर मी एकच नाही, गल्लीच्या गल्ली दाखवतो. कायम झालेल्या बाईचं पोरगं निदान परीक्षेला बसतं. झाडू सोडायला सुद्धा पायाखाली जमीन लागते. कायम नोकरी ही ती जमीन आहे, घर नव्हे. तिथं कायमचं राहायचं नाही.

आणि आपल्या घरातली घाण पण बोलू. कायम झालेला आपलाच माणूस स्वतः कामावर जात नाही, आपल्या जागी एखाद्या विधवेला पाठवतो, पगार स्वतः घेतो आणि तिला चार पैसे टाकतो. वर मुकादमाचा हप्ता. हा कुठला कामगार? हा कंत्राटदारच, फक्त जयंतीला पुढे नाचतो एवढंच. युनियननं अशा माणसाला आधी सरळ करावं, मग पालिकेकडे जावं. गटारात उतरवताना तर कंत्राटदार आपलाच कुणी पोऱ्या शोधतो, पाचशे रुपये जास्त देतो म्हणतो. गटारात माणूस उतरवण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, मेला तर भरपाई ३० लाख करा असं सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. माणूस मेल्यावर पहिला प्रश्न कुठला येतो? हा आमचा कामगार नव्हताच. परत तेच, मालक गायब.

मग मालक नसलेल्या कामात युनियन होतच नाही का? होते. ह्याच महाराष्ट्रात झालेली आहे. हमाल घ्या. सकाळी एका व्यापाऱ्याची गोणी, दुपारी दुसऱ्याची. ह्याच्याइतकं अनियमित काम कुठलं? अण्णासाहेब पाटलांनी माथाडी उभे केले, १९६९ चा माथाडी कायदा आला. मंडळात हमालाची नोंदणी, व्यापाऱ्यानं मजुरी मंडळात भरायची, तिच्यावर लेव्ही भरायची, त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस. मालक दहा असोत नाहीतर शंभर, पैसा एका जागी येतो आणि हिशेब एका जागी लागतो. १९८१ ला सुरक्षा रक्षकांसाठी तसाच कायदा झाला. त्या मंडळांत पुढे काय काय शिरलं, टोळ्या कशा बनल्या, खंडण्या कशा चालल्या, ते मला माहीत आहे, त्याची पूजा करा असं मी म्हणत नाही. पण रचना बघा. काम अनियमित असलं म्हणून हक्क अनियमित असायलाच पाहिजेत असं कुठंही लिहिलेलं नाही, हे त्या हमालांनी दाखवलं. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. कचरा वेचणाऱ्या बाया, बहुतेक मांग आणि नवबौद्ध. त्यांना तर मालकही नाही, कंत्राटदारही नाही. त्यांनी पहिल्यांदा काय मिळवलं? ओळखपत्र. पोलिसानं चोर म्हणून धरलं की गळ्यातलं कार्ड दाखवायचं, मी कामगार आहे. कुणाची कामगार? शहराची.

अ‍ॅपवर राबणाऱ्यांसाठी हाच रस्ता आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात २०२०-२१ साली असे ७७ लाख कामगार धरले होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज दिला होता. सामाजिक सुरक्षा संहितेत त्यांचं नाव आलंय, कंपन्यांकडून उलाढालीचा एक ते दोन टक्के घ्यायचं लिहिलंय. पण किमान वेतन? नाही. कामाचे तास? नाही. कारण 'पार्टनर'. ऑर्डर कोण देतं, दर कोण ठरवतं, आयडी कोण बंद करतं, हे ज्यानं त्यानं आपल्या फोनवर स्क्रीनशॉट काढून ठेवावं. कचऱ्याच्या चौकीवर जे काम हजेरीच्या चिठ्ठीनं केलं ते इथं स्क्रीनशॉट करेल. मुकादम माणूस असो की मशीन, त्याचा हुकूम कागदावर आला की तो पुरावा.

मला चिठ्ठी आलीय, वेळ संपला म्हणून. भाषणावर एवढा वेळ मोजतात, तेवढा कंत्राटी बाईच्या डब्याच्या सुट्टीवर मोजत नाहीत.

तर कामाचं सांगून थांबतो. शिबिर उठल्यावर टाळ्या नकोत. प्रत्येकानं आपापल्या गल्लीतली दहा माणसं धरायची, घरी जाऊन. पाच गोष्टी वहीत लिहून आणायच्या : काम कुठं करतो, हुकूम कोण देतं, पगार कुणाच्या नावानं येतो, फंडाचा नंबर आहे की नाही, आणि नाव कागदोपत्री कसं लिहिलंय, वेलांटीसकट. ज्यांचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेनं आहे त्यांचं आत्ताच दुरुस्त करायला घ्यायचं, खटला जिंकायची वाट बघायची नाही. वह्या पुढच्या रविवारी सकाळी विहारात आणा. बायांनी जास्त या, कारण झाडूखात्यातल्या बायांशी पोरं बोलायला लाजतात आणि बाया पोरांना सगळं सांगत नाहीत. आणि मुकादमाच्या पोरालाही बोलवा. त्याच्या बापाच्या कपाटात जुने हजेरीपट असतात.

जय भीम.